घोडा कां अडला?

"घोडा कां अडला? भाकरी कां करपली? पानें कां कुजलीं?" हें कोडें आपल्यापैकीं बहुतेकांनीं लहानपणीं आजीच्या तोंडून ऐकलें असेल. तिन्ही प्रश्नांचें उत्तर एकच : न फिरविल्यामुळें. विड्याचीं पानें वरचेवर उलटीं केलीं नाहींत कीं कुजतात. तव्यावरची भाकरी परतली नाहीं कीं करपते. आणि ठाणावर बांधून ठेवलेला घोडा रोज फिरविला नाहीं कीं ऐन वेळीं अडतो. कोडें मुलांसाठीं आहे. परंतु त्यांतील घोडा मोठ्यांच्या घरीं अडलेला आहे, असें आम्हांस वाटतें. बालपणीं ज्या गोष्टीवर जीव जडला ती पंचवीस-तीस वर्षें ठाणावर बांधून ठेवावयाची, आणि मग "आतां तें आपल्याच्यानें व्हावयाचें नाहीं" असें म्हणावयाचें, हा बहुतेक शहाण्या माणसांचा क्रम असतो. अशा गोष्टींपैकीं आम्ही येथें एकच घेतों, आणि ती अक्षरशः घोड्याचीच आहे. लहानपणीं घोड्यावर बसण्याची आवड असणें, पुढें ती सुटणें, आणि प्रौढपणीं पुनः रिकिबींत पाय घालणें, याविषयीं आमच्या विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या आईबापांशीं दोन शब्द बोलावे असा आमचा हेतु आहे.

घोड्याची आवड मुलास कोणी लावावी लागत नाहीं. नीट बोलतां येण्यापूर्वींच तें बापाच्या पाठीवर बसून टाचा मारूं लागतें. पुढें काठीचा घोडा होतो, जत्रेंत लाकडी घोड्यांचें चक्र येतें, आणि मग एके दिवशीं खरा घोडा भेटतो. वरातींतील शृंगारलेली घोडी दारावरून गेली तर मोठीं माणसें नवरदेवाकडे पाहतात, मुलें घोडीकडे पाहतात. याचें कारण आम्हांस असें दिसतें. मुलाच्या वाट्यास दिवसभर दुसऱ्याची आज्ञा येते : ऊठ, बस, लिही, गप्प राहा. घोड्याच्या पाठीवर तें प्रथमच सर्वांहून उंच होतें, आणि आपल्याहून दसपट बळाचा प्राणी आपल्या हाताच्या लहानशा हालचालीनें वळतो हें पाहून त्यास विस्मय वाटतो. त्याच वेळीं, या प्राण्यानें मनांत आणिलें तर तो आपणांस खालीं फेंकून देईल, हेंही त्यास कळतें. सत्ता आणि विनय हे दोन्ही पाठ एकाच वेळीं देणारा गुरु घोड्यावांचून दुसरा क्वचितच सांपडेल.

महाराष्ट्रांत तर ही आवड रक्तांतच आहे असें म्हटलें तरी चालेल. मराठ्यांच्या घोडदळांत सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार, हें आपण इतिहासाच्या पुस्तकांत वाचतों. भीमेच्या खोऱ्यांतील भीमथडीचें तट्टू दिसण्यांत लहान, पण काटक व थोड्या चाऱ्यावर निभावणारें. अलीकडे राष्ट्रीय नोंदणींत घोड्याची एक स्वतंत्र जात म्हणून त्यास स्थान मिळालें आहे, आणि ती जात टिकविण्याचें श्रेय बव्हंशीं मेंढ्यांचे कळप घेऊन फिरणाऱ्या धनगरांस आहे. पावसाळा सरला कीं त्यांचे संसार याच तट्टांच्या पाठीवर बांधून वाटेस लागतात. सारंगखेड्यास तापीच्या कांठीं दत्तजयंतीच्या वेळीं, आणि नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवास खंडोबाच्या यात्रेंत, आजही घोड्यांचा मोठा बाजार भरतो. आपल्या भाषेंतही घोडा घर करून आहे. स्वाराच्या बैठकीस आपण "मांड" म्हणतों. तंग, रिकीब, लगाम, चंदी, खरारा हे शब्द आपल्या आजोबांस पाठ होते. आणि ज्यानें उभ्या जन्मांत खोगीर पाहिलें नाहीं तोही "खोगीरभरती" हा शब्द बेधडक वापरतो.

असें असतां ही आवड सुटते कशी? शिक्षकाच्या धंद्यांत आम्हांस एक गोष्ट दरवर्षीं दिसते. सातवीच्या वर्गांत वहीच्या मागच्या पानावर घोडे काढणारा मुलगा दहावीच्या वर्गांत घोडे काढीनासा होतो. त्यास कोणी मारलेलें नसतें. "आतां हीं पोरकट खुळें पुरे, परीक्षा जवळ आली," एवढेंच कोणी तरी म्हटलेलें असतें. परीक्षेमागून परीक्षा, परीक्षेमागून नोकरी, नोकरीमागून संसार, अशी रांग लागते आणि घोडा ठाणावरच राहतो. पुढें वीस-पंचवीस वर्षांनीं हाच मुलगा बाप होऊन माथेरानास जातो. खासगी मोटारींस जेथें आजही मज्जाव आहे अशा त्या तांबड्या मातीच्या वाटेवर तो आपल्या मुलास घोड्यावर बसवितो, आणि आपण मोबाईलनें छायाचित्रें काढीत पायीं चालतो. घोडेवाला विचारतो, "साहेब, तुम्ही नाहीं बसत?" साहेब हंसून म्हणतात, "छे, आतां आमचें वय राहिलें नाहीं." त्या हंसण्यांत थोडा खेद असतो असें आम्हांस नेहमीं वाटत आलें आहे.

आमच्या ख्रिस्ती वाचकांपैकीं कोणी येथें पवित्र शास्त्राचा आधार पुढें करील. प्रौढ झाल्यावर आपण बाळपणाच्या गोष्टी टाकून दिल्या, अशा अर्थाचें पौलानें करिंथकरांस लिहिलें आहे. मग प्रौढानें पुनः घोड्यावर बसण्याचा हट्ट कां धरावा? हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. परंतु पौलाचें तें बोलणें प्रीतीविषयींच्या अध्यायांत आलें आहे, आणि तेथें बाळपणाचें अपुरें ज्ञान व अपुरी समजूत हा विषय आहे. बालिशपणा टाकावा हें खरें. बालपणीं जडलेली प्रीति टाकावी, असें तेथें कोठेंही म्हटलेलें नाहीं. उलट प्रीति ही सर्वांत अधिक टिकणारी वस्तु आहे, हाच त्या अध्यायाचा मथितार्थ आहे. घोडा मिळाला नाहीं म्हणून भोकाड पसरणें हा बालिशपणा होय, आणि तो सुटलाच पाहिजे. घोडा पाहून मन उचंबळणें हा बालिशपणा नव्हे; तो सुटल्यानें मनुष्य अधिक शहाणा होतो, असा आमचा अनुभव नाहीं.

प्रौढपण व अश्वारोहण यांचें वैर नाहीं, याचीं दोन उदाहरणें सांगतों. जपानचे हिरोशी होकेत्सु हे १९६४ सालच्या तोकियो येथील ऑलिंपिक सामन्यांत घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या शर्यतींत उतरले होते. तेव्हां त्यांचें वय तेवीस वर्षांचें होतें. त्यानंतर त्यांनीं औषधांच्या व्यवसायांत नोकरी केली व संसार केला. नोकरींतून निवृत्त झाल्यावर ते जर्मनींतील आखेन येथें जाऊन पुनः शिष्याप्रमाणें शिकूं लागले, आणि २००८ सालच्या बीजिंग ऑलिंपिकच्या वेळीं, म्हणजे पहिल्या ऑलिंपिकनंतर ४४ वर्षांनीं, पुनः त्याच सामन्यांत उतरले. या वेळीं त्यांनीं उड्यांचा प्रकार सोडून घोड्याच्या शिस्तबद्ध चालींचा प्रकार घेतला होता. पुढें २०१२ सालीं लंडन येथें ते आले तेव्हां त्यांस एकाहत्तरावें वर्ष पुरें झालें होतें. त्यांस पदक मिळालें नाहीं. परंतु पदक मिळालेल्या किती तरी तरुणांचीं नांवें लोक विसरले, आणि या आजोबांचें नांव मात्र लोकांच्या ध्यानांत राहिलें.

दुसरें उदाहरण डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईंचें. त्या लहानपणापासून घोड्यावर बसत. १९४४ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, त्यांस पोलिओनें गांठलें आणि गुडघ्यांखालीं पाय कायमचे निर्जीव झाले. वैद्यांस त्यांच्या पुनः घोड्यावर बसण्याची आशा नव्हती. त्यांनीं तरीही आरंभ केला. घोड्यावर चढण्यास व उतरण्यास दुसऱ्याचा हात लागे. पायांनीं घोड्यास इशारा देतां येत नसे, म्हणून शरीराच्या तोलानें इशारा देण्यास त्या शिकल्या. १९५२ सालीं हेलसिंकी येथें शिस्तबद्ध चालींच्या सामन्यांत स्त्रियांस प्रथमच प्रवेश मिळाला, आणि त्याच वर्षीं हार्टेल यांनीं पुरुषांच्या बरोबरीनें उतरून रौप्यपदक मिळविलें. १९५६ सालींही त्यांनीं पुनः तेंच पदक मिळविलें. ज्यांचे पाय धड आहेत आणि ज्यांस केवळ "लोक काय म्हणतील" हीच भीति आहे, त्यांनीं ही हकीकत एकदां मनाशीं घोळवावी.

आतां प्रौढपणीं परतणारास काय भेटतें हें स्पष्ट सांगितलें पाहिजे; नाहीं तर आम्ही वाचकांस फसविल्यासारखें होईल. पहिली गोष्ट भीति. मूल घोड्यावरून पडलें तर हलकें पडतें आणि रडून पुनः चढतें. मोठ्या माणसाचें पडणें जड असतें, त्याचीं हाडें लवकर जुळत नाहींत, आणि घरीं त्याच्यावर अवलंबून असणारीं माणसें असतात. म्हणून डोक्यास मजबूत शिरस्त्राण, जवळ जाणता शिक्षक, आणि प्रकृतीविषयीं शंका असल्यास आधीं डॉक्टरांचा सल्ला, या तीन गोष्टींवांचून कोणीही रिकिबींत पाय घालूं नये. दुसरी गोष्ट शरीर. पंधरा मिनिटें दुडक्या चालीनें गेलें तरी दुसऱ्या दिवशीं मांड्या व कंबर अशीं धरतात कीं जिना उतरणें अवघड होतें. लहानपणीं बसलेली मांड शरीर सर्वस्वीं विसरत नाहीं, तोल कोठें ठेवावा हें त्यास हळूहळू आठवतें. पण आठवण आणि बळ हीं दोन निराळीं आहेत, आणि बळ पुनः मिळवावें लागतें.

तिसरी गोष्ट मात्र सर्व भरपाई करणारी आहे. लहानपणीं ज्याचा अर्थ कळला नाहीं तो आतां कळूं लागतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळें त्यास सभोंवारचें जवळजवळ ३५० अंशांपर्यंत दिसतें. पण अगदीं पाठीमागचें आणि कपाळासमोर अगदीं जवळचें दिसत नाहीं. म्हणून त्याच्या मागून जाऊं नये, खांद्याच्या बाजूनें, बोलत बोलत जावें. घोडा हा हिंस्र प्राण्यांपासून पळून जीव वांचविणारा प्राणी आहे; वाऱ्यानें उडालेला कागद पाहून तो बुजतो तो खोडसाळपणानें नव्हे. हें कळलें कीं चाबुक आपोआप खालीं येतो. सॉक्रेटिसाचा शिष्य झेनोफन यानें इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. घोड्याशीं रागाच्या भरांत कधींही वागूं नये, हा त्यांतील एक मुख्य उपदेश आहे. सुमारें चोवीसशें वर्षें झालीं, तरी याहून चांगला उपदेश कोणी केला नाहीं. आणि तो घोड्यांपुरताच आहे असें कोणा शिक्षकानें किंवा बापानें समजूं नये.

लगामाचेंही तसेंच आहे. मूल भ्यालें कीं लगाम घट्ट ओढतें, आणि त्यामुळें घोडा अधिकच बिथरतो. मेथोडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली (१७०३–१७९१) यांनीं सुवार्ताप्रसारासाठीं आयुष्यांत सुमारें २,५०,००० मैल प्रवास केला असें म्हणतात, आणि त्यांतील पुष्कळसा घोड्यावरून. हातांत पुस्तक असे व लगाम मानेवर सैल सोडलेला असे. लगाम सैल असला कीं घोडा अडखळत नाहीं, असें त्यांनीं आपल्या रोजनिशींत अनुभवानें नमूद केलें आहे. नवशिक्यानें त्यांचें अनुकरण करून घोड्यावर पुस्तक वाचूं नये, हें सांगणें नको. परंतु ज्यानें संसारांत व कचेरींत वीस वर्षें सर्व लगाम घट्ट ओढून धरले आहेत, त्यास तळहात सैल करण्यास शिकविणारी अशी शाळा दुसरी नाहीं. याकोबाच्या पत्रांत घोड्याच्या तोंडांतील लगामाचा दृष्टांत जिभेच्या संयमनास लाविला आहे. ज्यानें प्रत्यक्ष लगाम हातीं धरिला आहे त्यास तो दृष्टांत वेगळाच समजतो; कारण संयमन म्हणजे ओढणें नव्हे, हें त्याच्या बोटांस ठाऊक झालेलें असतें.

येथें घोड्याच्या बाजूनें एक गोष्ट बोलणें आमचें कर्तव्य आहे. लहानपणीं आपण ज्या तट्टावर बसलों, त्याच तट्टावर मोठेपणीं बसण्याचा हक्क आपणांस असतोच असें नाहीं. स्वार व खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या सुमारें पांचव्या हिश्श्याहून अधिक ओझें त्यावर घालूं नये, असा नियम जाणते लोक आज पाळतात. एखादें लहान तट्टू २५० किलो भरलें, तर त्याचा पांचवा हिस्सा ५० किलो होतो. म्हणून प्रौढानें आधीं तराजूवर चढावें, मग घोड्यावर. वजन अधिक असेल तर मोठा घोडा शोधावा; न मिळाल्यास पायीं चालत लगाम धरावा, खरारा करावा, खोगिराखालीं पाठ सोललेली नाहीं ना, खुरांत खडा रुतला नाहीं ना, हें पाहावें. घोड्याकडे परतणें म्हणजे त्याच्या पाठीवर चढणेंच असें नाहीं. इंग्रज लेखिका अॅना सिवेल हिचे पाय चौदाव्या वर्षीं अपघातानें अधू झाले. त्यानंतर जन्मभर ती घोड्याच्या गाडीवरच हिंडली फिरली. त्या उपकाराची फेड म्हणून कीं काय, आयुष्याच्या शेवटीं, १८७७ सालीं, तिचें "ब्लॅक ब्यूटी" हें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांत घोडाच आपली कर्मकथा सांगतो. पुढच्याच वर्षीं ती वारली, पण लाखो मुलांस मुक्या प्राण्याचें मन कळविण्याचें काम तिनें करून ठेवलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं तें पुस्तक अवश्य वाचावें.

"हा सर्व श्रीमंतांचा शौक आहे," असें कांहीं पालक म्हणतील. शहरांतील अश्वारोहणाच्या शाळांची फी मध्यम स्थितीच्या कुटुंबास जड जाते, हें आम्हांस मान्य आहे. तथापि या महाराष्ट्रांत खरोखर उत्तम मांड कोणाची आहे हें पाहिलें तर ती धनगराच्या पोराची आणि माथेरानच्या घोडेवाल्याच्या मुलाची आढळेल. विद्या गरिबाघरीं आहे. आपण ती आदरानें मागत नाहीं, एवढेंच. घोडेवाल्याशीं "ए, किती घेणार?" असें बोलण्याऐवजीं "दादा, हा घोडा कसा बुजतो, कसा समजतो, सांगाल का?" असें विचारून पाहावें. मुलांसाठीं दुसरीही वाट आहे. राष्ट्रीय छात्रसेनेंत, जिला सर्व मुलें एन. सी. सी. म्हणून ओळखतात, अश्वारोहणाचीं पथकें असून तीं बहुधा पशुवैद्यक महाविद्यालयांशीं जोडलेलीं असतात. आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत छात्रांस आजही घोड्यावर बसणें शिकवितात. ज्याची आवड खरी आहे त्यानें या वाटांची चौकशी करावी.

मुलींच्या आईबापांस आम्हांस वेगळें बोलावयाचें आहे. झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंचें चित्र आपल्या प्रत्येक शाळेंत असतें. बिठूर येथें बालपणीं त्या घोड्यावर बसण्यास शिकल्या, आणि १८५८ सालीं झांशीहून काल्पीस घोड्यावरून निघून गेल्या, हें आपण मुलींकडून परीक्षेंत लिहवून घेतों. परंतु तेरा-चौदा वर्षांची मुलगी घोड्यावर बसतें म्हणाली कीं तिला "आतां तूं मोठी झालीस" असें सांगतों. चित्रास हार घालावयाचा आणि मुलीस खालीं उतरवावयाचें, हा न्याय आम्हांस पटत नाहीं. घोड्यावरील सामन्यांत आज स्त्रिया व पुरुष एकाच रांगेंत, एकाच नियमानें उतरतात. २०२३ सालीं चीनमधील हांगझोऊ येथें झालेल्या आशियाई सामन्यांत शिस्तबद्ध चालींच्या सांघिक प्रकारांत भारतास सुवर्णपदक मिळालें. अश्वारोहणांत असें पदक १९८२ नंतर, म्हणजे ४१ वर्षांनीं, आलें. त्या चौघांच्या संघांत सुदीप्ति हाजेला व दिव्यकृति सिंह या दोन मुली होत्या. त्यांच्या आईबापांनीं त्यांस तेराव्या वर्षीं खालीं उतरविलें असतें, तर तें पदक आलें नसतें. तरीही आम्ही पदकासाठीं हें लिहीत नाहीं. शेंकडों मुलींपैकीं एखादीसच पदक मिळेल. परंतु मोठा प्राणी शांतपणें हाताळणारी मुलगी पुढें कोणत्याही प्रसंगीं सहसा गांगरणार नाहीं, आणि हा लाभ सर्वांसच आहे.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही अभ्यास टाकून घोड्यामागें धांवावें असें आम्हीं म्हटल्याचें घरीं जाऊन सांगूं नका. अभ्यास कराच. मात्र वहीच्या मागच्या पानावरील घोडा खोडूं नका. तुमची आवड घोडा नसून बांसरी, चित्रकला किंवा बागकाम असेल, तरी हेंच लागू आहे. आठवड्यांतून एक तास तिच्यासाठीं राखून ठेवा. तेवढ्यानें कोणी नापास झालेला आम्हीं पाहिला नाहीं.

आणि आईबापांनो, तुम्हांस एक विनंति. उन्हाळ्याच्या सुटींत माथेरानास, पांचगणीस किंवा एखाद्या जत्रेस जाल तेव्हां मोबाईल थोडा वेळ खिशांत ठेवा. घोड्याचें नांव विचारा, त्याच्या मानेवरून हात फिरवा, आणि तुमचें वजन सोसेल असा घोडा मिळाला तर तुम्हीही बसा. तुम्ही बावचळाल, कदाचित् घोडेवाला हंसेल, तुमचें मूल तर खचितच हंसेल. हंसूं द्या. आपला बाप किंवा आई एखादी गोष्ट नव्यानें शिकत आहे, चुकत आहे, आणि तरीही आनंदांत आहे, हें दृश्य पाहण्याची संधि मुलांस फार थोडी मिळते. वर्गांत आम्ही त्यांस शिकण्याचा आनंद कितीही वर्णन करून सांगितला, तरी तो त्यांस घरींच प्रथम पाहावयास मिळाला पाहिजे.